शिंगरू प्लास्टर घालून घरी येण्याआधी

वैशाखात आमच्या तीन महिन्यांच्या मिनिएचर, म्हणजे बुटक्या जातीच्या, शिंगराची पुढच्या पायाची नळी मोडली. ते घरी आल्यावर आम्ही तयारीला लागलो, आणि तीच चूक झाली. गोठा आधीच तयार ठेवा.

जागा लहान हवी, उड्या मारता येणार नाहीत एवढीच. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा उघड्या पत्र्याखाली ठेवू नका. पत्र्यावर पराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, जाड थर टाका, नाहीतर निंबाच्या सावलीत आडोसा करा. खाली गव्हाचं कोरडं काड अंथरा आणि ओलं झालेलं रोज काढा. ओलाव्यानं प्लास्टर बिघडतं, म्हणून गारव्यासाठी पोती भिजवलीत तर त्यांचं पाणी पायावर ठिबकू देऊ नका. घोडी शेजारीच हवी. दिसेनाशी झाली की शिंगरू धडपडतं. मध्ये आडवी फळी अशी लावा की दूध पिता येईल, पण घोडीचा पाय त्याच्यावर पडणार नाही.

गाडी आणि १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आधीच ठरवून ठेवा. आणताना शिंगराला दोघांनी उचलून गादीवर आडवं ठेवा. उभं आणायचंच झालं, तर मोडलेल्या पुढच्या पायासाठी तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करा, म्हणजे ब्रेकचा भार मागच्या पायांवर येतो. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या मात्र नकोत. आवळून बांधलं की रक्त अडतं.

सगळ्यात जास्त वेळ प्लास्टरला द्या. सकाळ-संध्याकाळ वरच्या काठाशी हात लावा, वास घ्या, सूज बघा. आमच्याकडे पाचव्या दिवशी काठ ओलसर लागला आणि दोन माश्या तिथंच घुटमळत होत्या. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं तर खाली रुपयाएवढी जखम. कालपर्यंत पाय टेकणारं शिंगरू आज टेकत नसेल तर थांबू नका. वाढत्या पायाला प्लास्टर साधारण १० ते १४ दिवसांत बदलावं लागतं, तेव्हा पैसे आणि गाडी दोन्ही तयार ठेवा. दुसऱ्या पायाकडेही बघा, सगळा भार त्यावर येऊन तो वाकतो.

थर्मामीटर जवळ असू द्या. ताप १०२ फॅरनहाइटच्या वर गेला की फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय ना, विचारून घ्या. घोड्याला तो लवकर होतो. दुखणं थांबवणारं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका, शिंगराच्या पोटात अल्सर होतात.

चाऱ्यात घोडीला लसूणघास आणि चांगलं वाळलेलं गवत द्या. गाई-म्हशींची पेंड दोघांनाही अजिबात नको. काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं, ते घोड्याला जीवघेणं. कोवळी हिरवी ज्वारीही नको. आणि घोडी किंवा शिंगरू, कुणीही दिवसभर तोंड लावलं नाही तर रात्र काढू नका. या बुटक्या जातीत उपाशी राहिलं की चरबी रक्तात उतरते, यकृतावर येते आणि जीव जातो.

प्लास्टर निघाल्यावर पाय लुळा वाटेल, खूरही वाढलेला असेल. नालबंदाला आधीच सांगून ठेवा. पहिले काही दिवस सपाट, कडक जमिनीवर दोरीनं धरून चालवा, डॉक्टर सांगतील तेवढीच मिनिटं.