निर्वासित छावणीतल्या मुलांचं पोषण: या चुका टाळा

छावणीत तांदळाची पोती उतरली, रांगा लागल्या, घरटी शिधा वाटला गेला, की बघणाऱ्याला वाटतं मुलांचा प्रश्न मिटला. पण पोटात दोन वेळचा भात जात असतानाही मुलं खंगतात, उंचीला खुजी राहतात. यात बऱ्याचदा मदत करणाऱ्यांच्याच चुका असतात, आणि त्या टाळता येतात. छावणीत कामाला जाणाऱ्या किंवा इथून मदत पाठवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

शिधा किलोवर मोजणं

मोझांबिकच्या यादवीतून पळालेल्या लाखो लोकांना मलावीत मका मिळत होता. त्यासोबतचे शेंगदाणे हाच त्यांचा नायसिनचा, म्हणजे ब3 जीवनसत्त्वाचा, मोठा आधार होता. 1989 मध्ये शेंगदाण्यांचा पुरवठा तुटला. मका येतच होता, म्हणून कुणाला घाई वाटली नाही. 1990 मध्ये 17 हजारांहून जास्त लोकांना पेलाग्रा झाला: उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, पुढे भ्रम.

नेपाळमध्ये भूतानी निर्वासितांच्या छावण्यांत पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ वाटला गेला आणि बेरीबेरी, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाने नसा आणि हृदय कमजोर करणारा आजार, दिसू लागला. उपाय होता उकडा तांदूळ. कोकण-गोव्यातल्या वाचकांना तो वेगळा सांगायला नको. भात टरफलासकट उकडला की कोंड्यातलं ब1 जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि सडल्यावरही बरंच टिकतं.

म्हणून वाटपाच्या दिवशी "किती किलो दिलं?" एवढंच विचारू नका. "या महिन्यात शिध्यातून काय गळलं?" हे आधी विचारा. 6 ते 23 महिन्यांच्या मुलाच्या पोटात दिवसभरात आठ अन्नगटांपैकी निदान पाच जायला हवेत, आणि आईचं दूध हा त्यातला एक गट धरतात.

दूध पावडर आणि बाटल्या पाठवणं

हेतू चांगला असतो, पण नुकसान मोठं होतं. पाणी गढूळ, सरपण मोजकं, बाटली उकळायला वेगळं भांडं नाही. अशा ठिकाणी पावडरचं दूध म्हणजे जुलाबांना आमंत्रण. शिवाय फुकटचे डबे दिसले की अंगावर पाजणाऱ्या आयाही बाटलीकडे वळतात, बाळ कमी ओढतं आणि दूध खरोखरच कमी होतं. महिनाभराने डबे संपतात, तेव्हा हातात काहीच उरत नाही.

"धसक्याने तिचं दूध आटलं" हे वाक्य प्रत्येक छावणीत ऐकू येतं. धसक्याने पान्हा काही काळ अडतो, दूध तयार होणं थांबत नाही. तिला आडोसा द्या, पाणी आणि जेवण द्या, शेजारी एखादी अनुभवी बाई बसवा आणि बाळाला पुन्हापुन्हा छातीशी लावू द्या. आई हयात नसेल किंवा दूध खरंच मिळणार नसेल, तर त्या एका बाळासाठी तपासून, शिकवून, वाटी-चमच्याने पावडरचं दूध द्यायचं. सरसकट वाटप मात्र कधीच नाही.

मोजमापातली घाई

दंडघेर पट्टी, म्हणजे मुलाच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, सोपी दिसते, म्हणूनच ती चुकते. डावा हात घ्या. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य शोधा, खूण करा, मग हात सैल सोडा. पट्टी कातडीला लागली पाहिजे, रुतता कामा नये. 115 मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या आत मध्यम. हे आकडे 6 ते 59 महिन्यांसाठी आहेत. रडणाऱ्या मुलाने हात ताठ केला असताना घेतलेलं माप लिहू नका, दोन मिनिटं थांबा.

पट्टी हिरवी, म्हणजे 125 किंवा वर, दाखवली तरी पाय बघा. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती कुपोषणाची सूज आहे आणि मूल तीव्र कुपोषितच धरायचं. सुजेमुळे गाल गुबगुबीत दिसतात, वजनही बरं येतं, आणि असं मूल "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं जातं. माझ्या मते यासारखी घातक चूक दुसरी नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्या, त्यावरच्यांची उंची उभं करून. दोन्ही मापांत साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो. वयाचा दाखला नसेल तर अंदाज ठोकू नका. म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्यांच्या, बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांत "ऑगस्ट 2017 मध्ये पळालो तेव्हा पोटात होता?", "मार्च 2021 च्या आगीआधी झाली की नंतर?" असं विचारलं की महिना जवळपास हाती लागतो. खुजेपण वयावरच ठरतं, तिथे तीन-चार महिन्यांची चूकही निकाल फिरवते.

पाकिटं चालू आहेत, वजन हलत नाही

तीव्र कुपोषणावर उपचार म्हणून देतात ते शेंगदाण्याच्या पेस्टचं 92 ग्रॅमचं पाकीट सुमारे 500 कॅलरी देतं. त्यात पाणी नसल्याने जंतू सहज वाढत नाहीत, शिजवावंही लागत नाही. 7 किलोच्या मुलाला दिवसाला अडीच ते तीन पाकिटं लागतात. तरी वजन अडलं, तर आईला दोष देण्याआधी हे पडताळा.

घरात आणखी मुलं किती? भावंडं टक लावून बसलेली असताना कुठली आई एकालाच भरवेल? तिथे घराचा शिधा वाढवणं हाच इलाज. पाकीट पेजेत कालवलं जातं का? आधी भात, मग पाकीट असा क्रम आहे का? क्रम हवा आधी अंगावरचं दूध, मग पाकीट, सोबत स्वच्छ पाणी, बाकीचं नंतर. मूल पाकिटाला तोंडच लावत नसेल तर आत कुठे तरी जंतुसंसर्ग असू शकतो. त्याला दवाखान्यात दाखल करा. खोकला रेंगाळला असेल तर टीबी तपासा.

जुलाब असतील तर अन्न तोडू नका; पाकिटं चालू असतील तर वेगळं झिंक नको, ते पाकिटातच असतं. मीठ-साखरेच्या पाण्याची ताकद जगाला दिसली तीही निर्वासितांच्या छावणीतच. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं द्रावण नातेवाइकांच्या हाती दिलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. मात्र तीव्र कुपोषित मुलाला तीच जलसंजीवनी भरभर पाजू नका. त्याच्यासाठी कमी सोडियमचं रेसोमॅल असतं, तेही हळूहळू, श्वास आणि नाडी बघत. शॉक, म्हणजे रक्ताभिसरण ढासळणं, नसताना सलाइन लावलं तर थकलेलं हृदय ते पेलत नाही.

परवडत नाही ते सांगणं

2023 मध्ये रोहिंग्यांचा महिन्याचा शिधा माणशी 12 डॉलरवरून 8 डॉलरवर आला, म्हणजे दिवसाला 27 सेंट. त्याच वर्षाअखेरीस तिथल्या मुलांमधलं तीव्र आणि मध्यम कुपोषण मिळून आणीबाणीची 15 टक्क्यांची रेषा ओलांडून गेलं. अशा घरातल्या आईला "रोज अंडं, फळं, दूध द्या" असं सांगणं म्हणजे तिला गुन्हेगार ठरवणं. शिधा कपातीविरुद्ध बोलणं हेही पोषणाच्या कामातच येतं, ते टाळू नका. आणि तिला सांगायचंच असेल तर तिच्या दुकानात काय मिळतं ते आधी बघून या. शुटकी, म्हणजे आपली सुकी मासळी, तिथे लोक आवडीने खातात. ती भाजून, काट्यासकट बारीक कुटून चमचाभर बाळाच्या मऊ डाळभातात घालता येते. झोपडीच्या छपरावर दुधीचा वेल चढवलेला असेल, तर त्याचा कोवळा पाला आणि थोडं तेलही त्यातच शिजवायचं.