वर्ग पुन्हा जमवायचा तर आधी मुली शोधा

शाळेच्या वर्गातली मुलं सापडतात. आडनाव तेच असतं, बऱ्याच जणांचं घरही तेच असतं, फेसबुकवर नाव टाकलं की पिकलेल्या केसांखालचा चेहरा ओळखू येतो. मुलींचं तसं नाही. आमच्या पिढीत लग्नात आडनाव तर बदलायचंच, पण तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावसुद्धा नवं लिहिलं जायचं. हजेरीपटातली कुमुद पुण्याला जाऊन मृणाल झाली, तर फेसबुकवर कुमुद शोधून काय हाती लागणार? आम्ही इंदूरचे, 1979 ची हायर सेकंडरी. तेव्हा मध्य प्रदेशात अकरावीला बोर्डाची परीक्षा असायची. वर्ग पुन्हा एकत्र आणायचं ठरलं तेव्हा मी सुरुवात मुलींपासून केली, आणि ज्यांना आपला वर्ग जमवायचा आहे त्यांनाही हेच सांगते. मुलांची यादी एकातून दुसरा निघत आपोआप भरते. मुली शोधायच्या राहिल्या तर निम्मा वर्ग कायमचा सुटतो.

आधी एक जाड वही घ्या. मोबाईलमध्ये नको, वहीच. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि इथे ती सवय फार उपयोगी पडली. प्रत्येकीला एक पूर्ण पान द्या. वर शाळेतलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली घरचं हाकेचं नाव, कारण शेजारीपाजारी बेबी, छबू, ताई एवढंच ओळखतात. मग माहेर तेव्हा कुठे होतं, भाऊ किती, सासरचं नाव, आताचं गाव, फोन, आणि घरातल्या आणखी कुणाचा तरी फोन. हा दुसरा फोन विसरू नका. साठीनंतर माणूस मुलाकडे, मुलीकडे राहायला जातो, सिम बदलतं, आणि बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो. मग आपण आपल्या मैत्रिणीला म्हणून वाढदिवसाचा निरोप भलत्याच माणसाला पाठवत राहतो. वाढदिवसाची तारीखही विचारूनच लिहा. शाळेत नाव घालताना वयाचं गणित बसवायला जून-जुलैची कुठली तरी तारीख टाकायची पद्धत होती, आणि पुढे सगळ्या कागदांवर तीच चालली. खरी तारीख फक्त तिला आणि तिच्या आईला माहीत. ती तारीख लक्षात ठेवून फोन केला की समोरचं माणूस किती हरखतं, ते एकदा अनुभवून बघा.

नावं कुठून मिळवायची? वर्गाचा फोटो कुणाकडे तरी असतोच, आणि फोटोच्या मागे कुणीतरी ओळीने नावं लिहून ठेवलेली असतात. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांना भेटून दाखल-खारिज रजिस्टरमधून नुसती नावं ताडून घेता येतील का, ते अर्ज करून विचारा. एवढ्यावर यादी उभी राहते. पत्ते तिथे जुनेच मिळतात, पण आपल्याला नेमके जुनेच हवे असतात.

कारण शोध घ्यायचा तो माहेराचा. रामबाग, नारायण बाग, जेल रोड, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर: आमच्या वर्गातल्या बहुतेक मराठी मुली या टापूतल्या. वाडे पाडून तिथे फ्लॅट झाले, तरी गल्लीतलं जुनं माणूस कुठे जात नाही. पिठाच्या चक्कीवर विचारा. जुन्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारा. सगळ्यात पक्की माहिती असते ती घरच्या गुरुजींकडे, कारण वास्तुशांत, मुंज, श्राद्ध यांच्या निमित्ताने कुटुंब कुठे हललं हे त्यांना ठाऊक असतं. ज्यांचे वडील कापड मिलमध्ये होते त्यांच्यासाठी पाटनीपुरा, नंदा नगर, परदेशीपुरा इकडे जावं लागतं. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, इतर मिलही गेल्या, आणि ती कुटुंबं जिथे काम मिळेल तिथे पांगली. पण त्या वस्त्यांत एकमेकांची खबर ठेवण्याची सवय अजून आहे. चहाच्या दुकानावर वडिलांचं नाव आणि मिलमधलं खातं सांगितलं, की कुणी ना कुणी धागा देतं. ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला जात असाल तर मध्यंतरात जागेवर बसून राहू नका. इंदूरची निम्मी मराठी माणसं तिथे असतात. बाहेर चहाच्या गर्दीत उभं राहून ‘अमुक आळीतले कुणी माहीत आहेत का?’ असं विचारायला काहीही संकोच वाटू देऊ नका.

भाऊ सापडला की एक पथ्य पाळा. बहिणीचा नंबर मागू नका, आपला द्या. ‘माझं नाव सांगा, तिला वाटलं तर ती फोन करेल’, एवढंच म्हणा. अनोळखी माणसाला बहिणीचा नंबर देताना भाऊ बिचकतो आणि ते योग्यच आहे. शिवाय तिला शाळा आठवायची नसेल, घरी काही चालू असेल, तर निर्णय तिचा राहतो. असं केल्यावर फोन यायला कधी कधी महिने लागतात. पण आलेला फोन मनापासूनचा असतो.

पहिला फोन कसा करायचा, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं इथे ठरतं. दुपारी चारच्या सुमाराला करा. जेवणं, औषधं, झोप सगळं आवरलेलं असतं. ‘ओळख बघू कोण बोलतंय?’ हा खेळ मुळीच नको. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर आवाज ओळखला नाही म्हणून समोरची ओशाळते आणि बोलणं तिथेच अडतं. आपलं माहेरचं नाव सांगा, लगेच एखादी खूण सांगा: कुठल्या बाकावर बसायचो, कुठल्या रस्त्याने एकत्र चालत यायचो, भूगोलाच्या बाई कशा नकाशा काढायला लावायच्या. मग ‘मुलं काय करतात?’, ‘मिस्टर कुठे असतात?’ हे प्रश्न ओठावर येतात, ते गिळा. कुणाचं लग्न झालेलं नसतं, कुणाला मूल नसतं, कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणी घर सोडून आलेली असते. ‘सध्या कुठे राहतेस, आणि आपल्यापैकी कुणी भेटतं का?’ हा प्रश्न कुणालाच बोचत नाही. बाकीचं ती आपणहून सांगते. पहिला फोन लवकर आवरा आणि ठेवताना पुढच्या फोनचा वार सांगा. त्या वारी फोन झालाच पाहिजे.

आमची शाळा मुलामुलींची एकत्र होती, पण बोलणं असं नव्हतंच. वहीची देवाणघेवाणसुद्धा कुणाच्या तरी हातून. आता त्याच मुलांशी बोलताना अहो-जाहो केलं की ओळख ऑफिसातली वाटते. मी सरळ विचारते, ‘आपण एका वर्गातले, तूच म्हणते, चालेल ना?’ आजवर कुणी नको म्हटलेलं नाही. त्याच्या घरी मात्र आधी वहिनींशी बोला, आपली ओळख द्या, त्यांनाही भेटीला बोलवा. घरातल्या माणसाला माहीत असलेली मैत्री निर्धास्त टिकते.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तो हवाच, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये टाकायचं नाही. अ‍ॅडमिन किमान तीन ठेवा, त्यातली एक तरी दुसऱ्या गावची. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितील अशी सोय चालू करा, म्हणजे भेटीची तारीख सुप्रभातच्या फुलांखाली गडप होत नाही. राजकारण आणि फॉरवर्ड गप्पांच्या ग्रुपमध्येही बंद. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणाला लागत नाही. भांडण झाल्यावर सांगितलं तर एक बाजू निघून जाते. आणि ग्रुपवर जी बोलत नाही ती दुरावली असं समजू नका. कुणाला मराठी टाइप करता येत नाही, कुणाला डोळ्यांचा त्रास आहे. म्हणून खरं काम वहीवरून चालतं: रोज एक पान उघडायचं आणि त्या एकीला फोन करायचा. वर्ग जोडलेला राहतो तो या एकेका फोनमुळे, हे मी अगदी खात्रीने सांगते.

ग्रुपमुळे एक धोका येतो. मैत्रिणीचा फोटो लावून ‘तातडीने पैसे पाठव’ असा निरोप येतो. कितीही कळवळून लिहिलेलं असो, वहीतल्या तिच्या जुन्या नंबरवर किंवा घरच्या दुसऱ्या नंबरवर फोन लावून आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उशीर केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

भेट कधी ठेवायची? पूर्वी माहेरवाशिणी मे महिन्यात यायच्या, मुलांच्या सुट्ट्या असायच्या. आता या वयात मे महिन्याचं ऊन सोसत नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला या असं सगळे म्हणतात, पण राजवाड्याच्या बाजूचे रस्ते त्या दिवशी माणसांनी भरलेले असतात आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलीला तिथे नेणं धोक्याचं. अनंत चतुर्दशीला रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, तेव्हाही तेच. आमच्यासाठी उत्तम दिवस ठरला तो भाऊबीजेनंतरचा. ज्यांचे भाऊ इथे आहेत त्या आलेल्याच असतात, हवा छान असते, थोडे दिवस सरकवलं तर तळून खायचे गराडूचे कंदही बाजारात येतात. पुणे-मुंबईकडच्यांना गाडीचं आरक्षण मिळायला हवं आणि रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. हिशेब केला तर ते गणपतीच्या आसपास येतं. म्हणून गणपती बसायच्या आत तारीख पक्की करून सूचनांच्या ग्रुपमध्ये टाका, आणि त्याच दिवशी प्रत्येकीला फोनही करा.

जागा शक्यतो कुणाचं तरी घर असावं. बाहेरगावच्यांना सराफा आणि छप्पन दुकान या खाण्याच्या जागा हव्या असतात, त्यांना त्या दुसऱ्या दिवशी दाखवा. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटल्यावर खाण्याची दुकानं लागतात, उभ्याने खायचं, आणि त्या गलबल्यात ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना काही बोलता येत नाही. घर तळमजल्यावरचं किंवा लिफ्टचं बघा, कमोड आहे ना ते विचारून घ्या. सकाळची वेळ ठेवा. कोपऱ्यावरच्या दुकानातून पोहे मागवा, वर शेव, जिरावण मसाला, बाजूला जलेबी. याहून जास्त काही लागत नाही. यजमानीण स्वयंपाकघरात अडकली तर तिचीच भेट होत नाही.

खर्चाचं एक बंद पाकीट दाराशी ठेवा, ज्याला जे वाटेल ते त्यात. कुणी किती टाकले याची नोंद करायची नाही, हे मी हिशेबाच्या कामातली असूनही ठामपणे सांगते. रिसॉर्टला राहायचं, सारख्या साड्या घ्यायच्या असले बेत आखले की ज्यांची परिस्थिती बेताची आहे त्या तब्येतीचं कारण सांगून यायच्या थांबतात, आणि आपल्याला कळतही नाही.

भेटीत माईक नको, सूत्रसंचालन नको, हुद्दे सांगत ओळख करून देणं नको. हजेरी घ्या. वही उघडून शाळेतल्या नावांनी एकेक नाव पुकारा, न आलेल्यांचंही, न सापडलेल्यांचंही. अनुपस्थित नाव निघालं की कुणाला तरी काही आठवतं: तिची मावशी देवासला होती, तिचा भाऊ बँकेत होता, तिचं लग्न नागपूरकडे झालं. ते तिथल्या तिथे तिच्या पानावर लिहून घ्या. आमच्याकडे हरवलेल्या बऱ्याच जणी अशाच सापडल्या.

ज्या गेल्या त्यांची पानं फाडू नका. बातमी आली की ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि दोन दिवसांत थांबते. घरच्यांना त्याचा आधार नसतो. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, तेव्हा फोन करा, आणि पहिल्या दिवाळीला पुन्हा करा. तिच्या मुलांना आई शाळेत कशी होती हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. कबड्डीत ती कशी निसटायची, प्रार्थना कशी खड्या आवाजात म्हणायची, हे त्यांना सांगा. मुलं ते पुन्हा पुन्हा विचारतात.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यासाठी मला हे सगळं करावंसं वाटतं. आईवडील गेले, भावाने घर विकलं किंवा तो मुलाकडे बंगळूरला गेला, की बाईला स्वतःच्या गावात उतरायला जागा उरत नाही. जिथे लहानपण गेलं त्या इंदुरात तिने हॉटेलात राहायचं? अशा मैत्रिणीला ‘ये कधीतरी’ असं म्हणू नका. तारीख विचारा, खोली आवरून ठेवा, स्टेशनवर घ्यायला जा, जाताना ओटी भरा, डब्यात शेव आणि चिवडा द्या. वर्गातल्या इंदूरच्या चार-पाच जणींनी आपसांत वाटून घेतलं तर हे जड जात नाही. आमच्या वहीत त्यासाठी शेवटची पानं राखलेली आहेत: कुणाच्या घरी कोणत्या महिन्यात खोली मोकळी असते, कुणाकडे जिने आहेत, कुणाकडे गाडी आहे.

वहीच्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या दोघींकडे ठेवायला द्या, पण ग्रुपवर टाकू नका. त्यात लोकांचे पत्ते आणि घरातल्या गोष्टी असतात. दर दिवाळीला नंबर पुन्हा तपासा. बदललेला नंबर खोडून नवा लिहिताना जुनाही वाचता येईल असा एका रेघेनेच खोडा.