लंडनहून पॅरिस: सकाळी जाऊन रात्री परत येण्याची आखणी

लंडन आणि आसपासच्या मराठी घरांमध्ये मे-जून महिन्यांत गावाकडून आईवडील राहायला येतात, आणि लंडन पाहून झाले की ‘इथून पॅरिस किती लांब आहे?’ हा प्रश्न हमखास निघतो. सेंट पँक्रस स्थानकातून सुटणारी युरोस्टार सर्वांत वेगवान फेरीत पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकात २ तास १६ मिनिटांत पोहोचते. पुण्याहून मुंबईला जायला डेक्कन क्वीनला याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे हॉटेलात मुक्काम न करता एका दिवसात जाऊन येणे सहज शक्य आहे. मात्र हा प्रवास दोन देशांच्या सीमेवरून होतो, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तो फसतो तो कागदपत्रांमुळे किंवा परतीच्या वेळेच्या चुकलेल्या हिशेबामुळे. म्हणून या दोन गोष्टींबद्दल मी विस्ताराने लिहीत आहे.

ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या प्रत्येकाला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा, लागतो, मग तो लंडनमध्ये नोकरी करणारा असो वा सहा महिन्यांसाठी आलेला पाहुणा. पाहुण्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक अशी होते की आईवडील इथे येऊन पोहोचल्यावर पॅरिसचा विचार सुरू होतो. नियम असा आहे की अर्ज आपण जिथे कायदेशीररीत्या राहतो त्या देशातून करायचा असतो. केवळ भेटीला आलेल्या व्यक्तीला ब्रिटनमधून अर्ज करायचा झाल्यास तो मायदेशातून का करता आला नाही याचे सबळ कारण द्यावे लागते, आणि ‘तेव्हा सुचले नाही’ हे कारण म्हणून पुरत नाही. तेव्हा आईवडिलांचा ब्रिटनचा व्हिसा हाती आला की त्यांनी भारतातूनच शेंगेनसाठी अर्ज करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतला जातो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही वेळा ४५ दिवसही लागू शकतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पारपत्र गेल्या दहा वर्षांत काढलेले असावे आणि परतल्यानंतर किमान तीन महिने वैध राहावे, याकडे ज्येष्ठांच्या जुन्या पारपत्रांच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे.

व्हिसावर एकच प्रवेश दिला आहे की अनेक, हे हातात येताच वाचून घ्यावे. एकाच प्रवेशाचा व्हिसा पॅरिसच्या या एका दिवसात संपून जातो. त्यानंतर त्याच सुटीत स्वित्झर्लंडला जायचा बेत असेल तर नवा व्हिसा काढावा लागेल. अशा घरांनी एक दिवसाची सहल सोडून पॅरिस त्या मोठ्या प्रवासातच जोडून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परतताना ब्रिटनमध्ये पुन्हा प्रवेश घ्यायचा असतो, म्हणून ब्रिटनचा व्हिसाही अनेक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावे. इथे राहणाऱ्यांचा व्हिसा आता डिजिटल झाला आहे. नवे पारपत्र काढले असेल तर ते त्या ऑनलाइन खात्याशी जोडल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन क्षेत्रात प्रवेशाची डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. तिच्यात पहिल्या वेळी चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते; शेंगेन व्हिसा असलेल्यांच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा नोंदवत नाहीत, फक्त पडताळून पाहू शकतात. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे पुसट असले की यंत्रावर दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, त्यामुळे त्या रांगेसाठी जास्तीचा वेळ धरावा.

पैसे परत न मिळणारे तिकीट व्हिसा मिळाल्यावरच काढावे, नाहीतर आधी कळस मग पाया अशी गत होते. भाडे मागणीनुसार वाढत जाते, त्यामुळे तारीख ठरली की उशीर करू नये. आठवड्याच्या मधल्या दिवसांत ते बहुधा कमी असते. वार निवडताना पॅरिसमधील संग्रहालयांच्या सुट्या पाहाव्यात: लूव्र मंगळवारी बंद असते आणि ओर्से सोमवारी. रविवारी सकाळी लंडनची भुयारी रेल्वे उशिरा सुरू होते, त्यामुळे पहिली गाडी गाठणे अवघड जाते. याउलट शुक्रवारी रात्री पिकाडिली आणि व्हिक्टोरिया या मार्गांवर रात्रभर गाड्या धावतात आणि दोन्ही सेंट पँक्रसला लागूनच असलेल्या किंग्ज क्रॉसला थांबतात, म्हणून हाउन्स्लोसारख्या भागात राहणाऱ्यांना शनिवारची पहाट सोयीची पडते. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि बहुतेकदा आधी जाहीर केले जातात. आदल्या संध्याकाळी गाडीची स्थिती एकदा पाहून घ्यावी.

आता वेळेचा हिशेब. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते, त्यामुळे सकाळी सातच्या सुमारास निघालेली गाडी तिथल्या साडेदहाच्या आसपास पोहोचते. परतीची गाडी रात्री नऊची आहे असे धरले, तर प्रवेशद्वार ३० मिनिटे आधी, म्हणजे साडेआठला बंद होते. दोन पारपत्र तपासण्या आणि सामानाची तपासणी लक्षात घेता स्थानकात पावणेआठपर्यंत पोहोचायला हवे, आणि त्यासाठी शहराच्या मध्यभागातून सव्वासातला निघायला हवे. मधले पावणेनऊ तास आपले. त्यातून जेवण, येणे-जाणे आणि रांगा वजा केल्या तर खरेखुरे पाहायला सहा-साडेसहा तास उरतात. हा हिशेब परतीच्या गाडीपासून उलटा मांडायचा असतो. सकाळपासून सुलटा मांडला की प्रत्येक ठिकाणी ‘अजून अर्धा तास’ वाढत जातो. सव्वासातचा गजर मी फोनवर सकाळीच लावून ठेवतो.

पिशवीत खाण्याचे काय न्यावे, यालाही नियम आहे. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, पनीर, श्रीखंड, चीजचे सँडविच घरीच ठेवावे. चटणी लावलेल्या पोळ्या, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतात. परतताना फ्रेंच चीज आणण्याचा मोह होईल, पण लाळ्या-खुरकुत रोगाच्या धास्तीने ब्रिटनने १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी केली. निघण्यापूर्वी नियमाची ताजी स्थिती पाहावी. नाहीतर चीज तिथेच खावे, ते तिथे अधिक चांगले लागते. पाण्याच्या बाटलीवर विमानासारखे बंधन नाही.

सेंट पँक्रसला गाडीच्या वेळेच्या सव्वा तास आधी पोहोचावे. फ्रान्सची पारपत्र तपासणी लंडनमध्येच होते, म्हणून पॅरिसला उतरल्यावर सरळ बाहेर पडता येते. परतीच्या वेळी ब्रिटनची तपासणी तशीच पॅरिसमध्ये होते. व्हीलचेअर किंवा मदतीची गरज असेल तर ती तिकिटासोबतच नोंदवावी. प्रवासात खाडीखालचा बोगदा येतो तो सुमारे वीस मिनिटांचा. त्याची एकूण लांबी ५०.४५ किलोमीटर असून तो १९९४ मध्ये सुरू झाला. खिडकीबाहेर त्या वेळी काळोखाशिवाय काही दिसत नाही आणि कानांत किंचित दडे बसतात, हे बरोबरच्या ज्येष्ठांना आधी सांगून ठेवावे.

गार द्यु नोरला उतरल्यावर गर्दीत थांबून पाकीट काढू नये. पारपत्रे अंगाशी असलेल्या आतल्या खिशात ठेवावीत, आणि कोणी कागदावर सही मागितली तर मान हलवून पुढे जावे. मेट्रोसाठी ‘नाविगो ईझी’ हे कार्ड प्रत्येकाला स्वतंत्र लागते, एका कार्डावर चौघे जाऊ शकत नाहीत. २०२५ पासून मेट्रोचे आणि बसचे तिकीट वेगळे झाले आहे, म्हणून कार्ड भरताना आपण कशाने जाणार हे आधी ठरवावे. मेट्रोची ४ क्रमांकाची लाइन इथून बदल न करता सेन नदीतल्या बेटावरच्या सिते स्थानकाला नेते. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पॅरिसच्या मेट्रोतले जिने त्रास देतात. माझ्या आईला पहिल्या खेपेस त्या जिन्यांनी इतके थकवले की दुपारपर्यंत ती बाकांवरच बसून होती. त्यानंतर मी ज्येष्ठांना ३८ क्रमांकाच्या बसने नेतो. ती स्थानकापासून त्याच बेटावर जाते, वेळ थोडा अधिक घेते, पण चढउतार नाही आणि शहरही दिसते.

पाहायचे काय, याबाबत माझा आग्रह एवढाच आहे की एका दिवसासाठी सेन नदीचा एकच पट्टा धरावा. आयफेल टॉवरवर चढणे, लूव्र आतून पाहणे आणि माँमार्त्रची टेकडी, हे तिन्ही एका दिवसात बसवले की तिन्ही ठिकाणच्या रांगाच लक्षात राहतात. सुरुवात इल द ला सिते या बेटावरील नोत्र दामपासून करावी. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर हे कॅथेड्रल ८ डिसेंबर २०२४ रोजी लोकांसाठी पुन्हा खुले झाले. प्रवेश विनामूल्य आहे आणि वेळेची आगाऊ नोंदणीही विनामूल्य करता येते. तिचे पैसे मागणारे कोणतेही संकेतस्थळ खोटे समजावे. आत गेल्यावर नव्याने स्वच्छ केलेला दगड इतका उजळ दिसतो की जुने फोटो पाहून आलेला माणूस क्षणभर थबकतो. बाहेरच्या प्रांगणात फरसबंदीत धातूची एक तबकडी बसवली आहे. फ्रान्समधल्या रस्त्यांची पॅरिसपासूनची अंतरे तिथून मोजतात. हजारो पावलांनी ती घासून गुळगुळीत झाली आहे, आणि गर्दीत पायाखाली असूनही बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

तिथून नदीकाठाने दहा मिनिटे चालले की पों नफ हा पूल येतो. त्याच्या खाली, बेटाच्या पश्चिम टोकाला तासाभराच्या फेरीच्या नावा सुटतात. त्या आयफेल टॉवरपर्यंत जाऊन परत येतात, ज्येष्ठांना बसून सगळे दिसते, आणि टॉवरच्या पायथ्याची सुरक्षा रांग टळते. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून दिवे पाहण्याची आशा ठेवू नये. डिसेंबरमध्ये मात्र पाच वाजताच अंधार पडतो आणि चारची नाव घेतली तर उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात.

संग्रहालय एकच निवडावे, आणि मी ओर्से निवडेन. ही इमारत १९०० मध्ये रेल्वे स्थानक म्हणून बांधली गेली आणि १९८६ मध्ये तिचे संग्रहालय झाले. स्थानकाचे प्रचंड घड्याळ अजून तिथे आहे, त्याच्या काचेतून नदीपलीकडचे शहर दिसते. मोने, रन्वार, व्हॅन गॉग यांची चित्रे दोन तासांत शांतपणे पाहून होतात. लूव्रला तेवढ्या वेळात नुसते मोनालिसापर्यंत जाऊन परत येणे होते, आणि जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (म्हणजे ब्रिटनमधल्याही) पाहुण्यांसाठी तिथले तिकीट ३२ युरो झाले आहे. लूव्रचे प्रांगण आणि काचेचा पिरॅमिड बाहेरून विनामूल्य पाहता येतो, आणि लागूनच असलेल्या त्युइलरी उद्यानात हिरव्या लोखंडी खुर्च्यांवर हवे तितके बसता येते.

दुकानात किंवा बसमध्ये शिरताना प्रथम ‘बोंजूर’ म्हणावे. ते न म्हणता थेट इंग्रजीत प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणाचे मानतात. रस्त्यावरची सार्वजनिक स्वच्छतागृहे विनामूल्य असतात आणि नकाशावर शोधता येतात.

जेवणासाठी शाकाहारी मंडळींनी मध्यभागातल्या उपाहारगृहांत वेळ घालवू नये. दुपारी घरची पोळी-चटणी उद्यानात खावी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मेट्रोने पुन्हा स्थानकाच्या बाजूला यावे. गार द्यु नोरच्या मागे, ला शापेल मेट्रो स्थानकाच्या आसपास श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची वस्ती आहे. तिथे डोसा, इडली, शाकाहारी थाळी सहज मिळते, आणि स्थानक चालत दहा मिनिटांवर राहते. याच भागात रू पाजोल या रस्त्यावर १९८५ मध्ये स्थापन झालेले गणपतीचे मंदिर आहे. बाहेरून ते साध्या दुकानगाळ्यासारखे दिसते, आत शिरताच कापूर आणि फुलांचा वास येतो. दरवर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास तिथून रथ निघतो आणि वाटेत रस्त्यावर नारळांचे ढीग रचून फोडतात. त्या दिवसांत जाणे जमत असेल तर तारीख पाहून सहल त्याभोवती ठरवावी. दीड-दोन तास नदीकाठचे कमी झाले तरी चालतील.

युरोस्टारचे प्रवेशद्वार गार द्यु नोरमध्ये वरच्या मजल्यावर आहे, खालच्या फलाटांवर ते शोधत बसू नये. नऊची गाडी तासभर मागे सरकलेल्या घड्याळामुळे लंडनला साडेदहाच्या आतच पोहोचते आणि तपासणी आधीच झालेली असल्याने पाच मिनिटांत भुयारी रेल्वेत बसता येते. हॅरोकडे जाणाऱ्यांनी मेट्रोपॉलिटन लाइन पकडावी. रविवारी रात्री परतणार असाल, तर त्या मार्गावर दुरुस्तीचे काम नाही ना आणि शेवटची गाडी किती वाजता आहे, हे पॅरिसमध्ये गाडीत बसण्यापूर्वीच पाहून ठेवावे.