गडावरच्या मुक्कामाला कोणती भांडी न्यावीत?

भांडी काढायच्या आधी दोन गोष्टींची चौकशी करा: वर जेवायला काय असणार आणि भांडी घासायला पाणी किती मिळणार. बाकी सगळं यावरच ठरतं. हरिश्चंद्रगडाला जाणार असाल तर पायथ्याच्या पाचनई गावात किंवा गडावर जेवणाची सोय होते. आधी फोन करून ठेवलात की पिठलं-भाकरी ताटात वाढूनच मिळते, मग सॅकमध्ये एक मग आणि एक चमचा पुरतो. एखाद्या गडावर मुक्काम करून स्वतः खिचडी टाकणार असाल, तर ज्याचं भांडं त्याने आणायचं.

भांडं म्हणजे घरातलं सपाट ताट नव्हे. ओबडधोबड कातळावर, मांडीवर घेऊन जेवायचं असतं, त्यामुळे काठ उंच हवा. माझ्या मते गोल, बसका स्टीलचा डबा याला सगळ्यात चांगला. निघताना त्यात पोळ्या आणि ठेचा न्यायचा, दुपारी तो रिकामा होतो आणि रात्री त्यातच आमटी-भात कालवता येतो. झाकणात कांदा-लोणचं. चौकोनी डबा शक्यतो नकोच. त्याच्या कोपऱ्यांत भात चिकटून बसतो आणि तो काढायला उगाच जास्त पाणी जातं.

चहाचा मग एकपदरी स्टीलचा घ्या, म्हणजे वेळ पडली तर त्यातच चहा उकळता येतो. दुपदरी मगात चहा जास्त वेळ गरम राहतो खरा, पण तो स्टोव्हवर कधीही ठेवू नका. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि भांडं फुटू शकतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण गरम चहाने त्याचा काठ ओठांना चटका देतो, आणि ताक किंवा चिंचेची आमटी त्यात ठेवणं बरं नाही. टायटॅनियम स्टीलपेक्षा हलकं, टिकाऊ आणि महागही. हिमालयात अनेक दिवस सगळं ओझं स्वतः वाहणार असाल तर विचार करा, शनिवार-रविवारच्या ट्रेकला त्याची गरज नाही.

चमचा साधा, खोलगट. काटे असलेल्या चमच्याने आमटी ओरपता येत नाही. प्लास्टिकचे वापरून फेकायचे चमचे आणि ताटल्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, त्यांचा विचारही नको. एप्रिल-मे महिन्यात गडावरच्या टाक्यांतलं पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा पळसाच्या पत्रावळी न्यायला हरकत नाही. मात्र चंदेरी कागद चिकटवलेल्या नकोत, त्या कुजत नाहीत. आणि पानांच्या असल्या तरी उष्ट्या पत्रावळी परत आणायच्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या वाऱ्यात त्या कुठल्या कुठे उडतात.

गटात मिळून एक पातेलं झाकणासकट, एक पळी, एक सुरी आणि सांडशी. सांडशी कोण आणणार ते नाव घेऊन ठरवा. प्रत्येकाला वाटतं दुसरा आणेल, आणि मग उकळतं पातेलं रुमालाने उतरवावं लागतं. हात भाजतो तो तिथेच.

घासायला काथ्याचा छोटा तुकडा घ्या. ताट टाक्यात बुडवू नका, तेच पाणी सगळे पितात. आधी भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून खा, मग बाटलीत पाणी घेऊन टाक्यापासून लांब जाऊन विसळा. साबण लागत नाही. रात्री उष्टी भांडी उघडी ठेवलीत तर गुहेतले उंदीर येतात आणि उजाडताच माकडं.

भरताना मग डब्यात, चमचा मगात आणि मधे एक पंचा, म्हणजे चालताना खडखडाट होत नाही आणि भांडी पुसायलाही तो होतो. डब्याच्या बुडाला नेलपॉलिशने नाव घाला. अंधारात सगळे डबे सारखेच दिसतात.