जपानी पासपोर्टवर जर्मनीला जाताय? व्हिसा नको, पण दिवस नीट मोजा

आधीच सांगते, हे फक्त जपानी पासपोर्टवाल्यांसाठी आहे. जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा (प्रवेशाचे नियम एकच असलेल्या युरोपातल्या देशांच्या गटाचा व्हिसा) लागतोच, रेसिडन्स कार्ड कितीही वर्षांचं असलं तरी. पण घरात एकाचा पासपोर्ट जपानी असेल किंवा जपानी मित्रांसोबत ट्रिप ठरत असेल तर वाचून ठेवा.

जपानी माणसाला जर्मनीत फिरायला, कुणाकडे राहायला किंवा मीटिंगला जायला व्हिसा लागत नाही. अट एवढीच की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण लोकांना वाटतं जर्मनीचे ९० वेगळे, फ्रान्सचे ९० वेगळे. तसं अजिबात नाही, शेंगेनच्या २९ देशांचा मिळून एकच हिशोब, आणि पोचला तो दिवस अन् निघाला तो दिवस दोन्ही मोजायचे.

माझ्या कलीगचं उदाहरण देते. तो १ मार्च ते २९ एप्रिल म्युनिकला होता, म्हणजे ६० दिवस झाले. परत १ जुलैला जायचं ठरवलं आणि म्हणाला, दोन महिने मध्ये गेले ना, आता नवीन ९० मिळतील. आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो आणि जुलैत तिथे राहायच्या प्रत्येक तारखेपासून मागे १८० दिवस मोजले तर मार्च-एप्रिलचे सगळे दिवस अजून आतच! म्हणजे उरले ३०, ३० जुलैला शेंगेनबाहेर पडायलाच हवं. तिकीट काढायच्या आधी मोजलं म्हणून बरं झालं.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर निदान ३ महिने व्हॅलिड हवा. हानेदाहून हेलसिंकीमार्गे म्युनिकला जात असाल तर शेंगेनमधला पहिला विमानतळ म्हणून इमिग्रेशन हेलसिंकीलाच होतं, म्हणून कनेक्टिंग फ्लाइटमध्ये वेळ ठेवा. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (शेंगेनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांची कॉम्प्युटरवर नोंद) सुरू झालंय, त्यात चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे नाहीत). त्याला फी नाही, पण दिवसांचा हिशोब आता कॉम्प्युटरच ठेवतो. रिटर्न तिकीट, हॉटेल बुकिंग, खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा हाताशी असू द्या, विचारू शकतात.

ईटीआयएएस (ETIAS) हे वेगळं प्रकरण. ते २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होणार असं जाहीर झालंय, व्हिसा न लागणाऱ्यांनी जायच्या आधी घ्यायची ऑनलाइन परवानगी, फी २० युरो, ३ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत चालेल. फॉर्म फक्त युरोपियन युनियनच्या अधिकृत साइटवरच भरा, मधले लोक उगाच जास्त पैसे घेतात.

लंडन जोडणार असाल तर ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथले दिवस या ९० मध्ये धरत नाहीत, पण जपानी लोकांना ८ जानेवारी २०२५ पासून ईटीए (ब्रिटनची ऑनलाइन प्रवास परवानगी) आधीच काढावं लागतं.

सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, बीफ जर्कीसुद्धा नाही. १०,००० युरो किंवा जास्त कॅश असेल तर कस्टम्सला सांगायची.

आणि ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर जर्मनीत जपानी लोकांना एक मोठी सोय आहे, आधी व्हिसा न काढता जाऊन तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात ९० दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटला अर्ज करता येतो. फक्त नोकरी मात्र परमिट हातात आल्याशिवाय सुरू करू नका, आणि अपॉइंटमेंट पोचल्या आठवड्यातच घ्या.