बोहेमियन ऱ्हॅप्सडी बघायचाय? मग आधी आवाजाचं बघा

पहिली गोष्ट, क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यावरचा हा पिक्चर लोकलमध्ये मोबाईलवर बघू नका. अंधेरी ते चर्चगेट अर्धा आणि परत येताना उरलेला असं करणारे असतात, आणि मग तेच म्हणतात की ठीक आहे यार एवढं काय त्यात. मोबाईलच्या स्पीकरमधून बेस येतच नाही हो, आणि क्वीनच्या गाण्यातला बेस नि ड्रम काढला तर राहिलं काय?

थिएटरला परत लागला तर सोडू नका. तिकीट काढताना मधली सीट घ्या, पडद्यापासून दोनतृतीयांश मागे, अगदी शेवटची रांग नको. इंटरव्हल आपल्याकडे कुठेही टपकतो, चिडू नका, समोसा खा. घरी बघणार असाल तर साउंडबार किंवा बरे हेडफोन लावा, आणि सोसायटीत राहत असाल तर रविवार दुपारची वेळ धरा, रात्री अकराला स्टेडियमभर पब्लिक ओरडायला लागली की खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच.

बघायच्या आधी टायटलवालं गाणं एकदा पूर्ण ऐकून घ्या, १९७५ चं आहे, सहा मिनिटांना जरासं कमी. म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा माणूस एवढं लांब गाणं कोण वाजवणार म्हणतो तो सीन जास्त मजा देतो (तो माणूस काल्पनिक आहे बरं का).

आणि तारखांवर विश्वास ठेवू नका. पिक्चरमध्ये बँड फुटतो आणि १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कॉन्सर्टसाठी परत एकत्र येतो, खरं तर तेव्हा बँड फुटलेलाच नव्हता, त्याच वर्षी त्यांचे शो चालू होते. फ्रेडीला एचआयव्ही झाल्याचं कळणंही कथेसाठी आधी ओढलंय. रडू आलं तर येऊ द्या, फक्त नंतर कोणाला इतिहास म्हणून सांगू नका.

मला खटकतं ते वेगळंच. फारोख बलसारा, म्हणजे फ्रेडीच, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा, आडनाव गुजरातच्या बलसारवरून म्हणजे आताच्या वलसाडवरून, आणि शाळा पाचगणीची! आपण तिथे स्ट्रॉबेरी खायला जातो, हा तिथे पियानो शिकला आणि शाळेतच पहिला बँड काढला, द हेक्टिक्स. एवढा मसाला असून पिक्चरमध्ये पाचगणी जवळजवळ नाहीच. घरातले पारशी सीन छोटे आहेत पण नीट बघा, वडिलांचं चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृती हे शेवटी परत येतं.

गाताना ओठ फ्रेडी साकारणाऱ्या रामी मलेकचे असले तरी आवाज मुख्यतः खुद्द फ्रेडीचा आणि मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा, त्यामुळे मलेकचे खांदे, पावलं आणि माइकचा दांडा बघत राहा, ऑस्कर त्याला उगाच नाही मिळालं.

पिक्चर संपला की लगेच यूट्यूबवर लाइव्ह एडमधला क्वीनचा खरा, वेम्बली स्टेडियमचा कार्यक्रम लावा, १३ जुलै १९८५, वीसेक मिनिटांचा आहे. पिक्चरमध्ये पियानोवरचे पेप्सीचे ग्लाससुद्धा तसेच जुळवलेत. थिएटरच्या प्रिंटमध्ये त्यातली दोन गाणी कापलेली होती, क्रेझी लिटल थिंग आणि वी विल रॉक यू, ती इथे मिळतील. मग भूक राहिलीच तर एल्टन जॉनवरचा रॉकेटमन बघा, त्यात टॅरन एजर्टन स्वतः गायलाय.