किशोरांसोबत ‘शाळा’ कशी वाचावी: बडोद्यातल्या मराठी घरांसाठी

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, शिरोडकर. पुस्तक तीनशेच्या आसपास पानांचं आहे. चौदा ते सोळा वयाच्या सहा-आठ मुलामुलींना घेऊन ते सहा रविवारांत नीट वाचून होतं. आठाच्या वर गेलात तर दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे नुसते ऐकतात.

प्रत प्रत्येकाची स्वतंत्र हवी. दोघांत एक दिली की लाजेची पानं दोघं मिळून हसत उलटतात, आणि नेमकी तीच पानं एकट्याने वाचायची असतात. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत, तिथे आधी बघा. नाहीतर ओळखीच्या घरांतून गोळा करा. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या मराठी घरांत एखादं कपाट असतंच.

पानं सारखी वाटू नका. पहिले तीन रविवार चाळीस-चाळीस, पुढचे तीन साठ-साठ. आपली बरीच मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली. गुजराती लिपीला शिरोरेघ नसते, त्यामुळे देवनागरीची सलग ओळ त्यांना सुरुवातीला दाट वाटते आणि जोडाक्षरावर अडखळायला होतं. शंभरेक पानांनंतर वेग आपोआप येतो. उच्चाराचंही तसंच. ‘चोर’मधला च ‘चिमणी’तल्या चसारखा म्हटला जातो. दर वेळी थांबवून दुरुस्त केलंत तर मूल मोठ्याने वाचायचंच सोडेल. प्रत्येक बैठकीची पहिली दोन पानं मराठी सफाईने बोलणाऱ्या मोठ्या माणसाने वाचावीत, कान आपले आपण तयार होतात.

बैठक सव्वा तासाची. दहा मिनिटं अडलेले शब्द, पंचवीस मिनिटं मोठ्याने वाचन, अर्धा तास बोलणं, शेवटची दहा मिनिटं वहीत लिहिणं. बोलणं रंगलं की लिहिण्याची दहा मिनिटं खाल्ली जातात. ती सोडू नका, कारण गटात न बोलणारी मुलं तिथेच बोलतात.

आता मुख्य काम. निरागसपणा कुठे संपतो, असं विचारलं की मुलं एक मोठा प्रसंग दाखवतात आणि विषय मिटतो. पण या कादंबरीत तो एका झटक्यात जात नाही, थोडा थोडा झिरपत जातो. तो पकडायला समासात पेन्सिलीने तीन खुणा करायच्या. मुकुंद कुणापासून काही लपवतो तिथे ‘ल’. कुणी न सांगता त्याला काही कळतं तिथे ‘क’. मोठी माणसं बोलता बोलता थांबतात किंवा विषय बदलतात तिथे ‘ग’, म्हणजे गप्प. पहिल्या रविवारी मुलांना ‘ल’ भराभर सापडतात. ‘ग’ सापडायला तिसरा रविवार उजाडतो, कारण गप्प बसणं दिसायला वाचणाऱ्यालाही थोडं मोठं व्हावं लागतं.

नावापासून सुरुवात करा. मुकुंद ज्या मुलीच्या विचारात दिवसचे दिवस असतो तिला तो आडनावानेच ओळखतो: शिरोडकर. वर्गातल्या मुलीला आडनावाने हाक मारणं ही तेव्हाच्या शाळेतली रीत. पण एवढ्या जवळच्या भावनेला एवढं लांबचं नाव का पुरतं, हे मुलांना विचारा. आडनावाआड लपता येतं. कुणी ऐकलं तरी काही उघड होत नाही.

दुसरी जागा मुकुंदचा मित्र सुऱ्या आणि त्याला आवडणारी मुलगी केवडा यांची. मित्रांच्या अड्ड्यावर, आवडणाऱ्या मुलीला ‘सरळ विचारून टाकणं’ म्हणजे मर्दुमकी. सुऱ्या विचारतो, आणि प्रकरण शाळेपर्यंत जातं. इथे घाई करू नका, अख्खी बैठक द्या. आधी सुऱ्याच्या बाजूने बोलू द्या, मग केवड्याच्या बाजूने. तिला नुसती तक्रार करणारी ठरवून पुढे जाणं ही या पुस्तकाच्या वाचनातली सगळ्यात मोठी चूक. गटात मुली असतील तर आधी त्यांना बोलू द्या.

आणीबाणीचा भाग मुलं उड्या मारत वाचतात. तारखा द्या: २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. मग सांगा की गुजरातेत मार्च १९७६पर्यंत बाबूभाई पटेलांचं, म्हणजे विरोधी पक्षांच्या जनता मोर्चाचं सरकार होतं, आणि आणीबाणीला विरोध करणारे नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरचा, सुरुंगाच्या स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाचा खटला देशभर ‘बडोदा डायनामाइट’ याच नावाने गाजला. आपल्या गावाचं नाव ऐकून मुलं सावरून बसतात. दुसऱ्या बैठकीनंतर घरचं काम एवढंच: आजीआजोबांना विचारायचं, त्या दिवसांत कशाबद्दल बोलताना आवाज खाली यायचा? उत्तरं घेऊन आली की ‘ग’ची खूण पुन्हा समजावावी लागत नाही. मुकुंदच्या भोवतीचे मोठे कधी मुलांमुलींच्या विषयावर गप्प आहेत, कधी सरकारच्या. दोन्ही गप्पपणातून त्याला एकच कळतं: मोठ्यांनाही भीती वाटते.

वाचन फसतं ते बहुतेक वेळा मोठ्यांमुळे. “तुझ्या वर्गात आहे का असं काही?” हा प्रश्न कधीही विचारू नका. त्या क्षणी मूल बंद होतं आणि पुढचे सगळे रविवार वाया जातात. प्रश्न कायम मुकुंदबद्दल ठेवा, स्वतःबद्दल बोलायचं की नाही ते मूल ठरवेल. “बघा, अभ्यास सोडला की काय होतं” असा धडाही काढू नका. पालक बैठकीत नकोतच. शिव्या आल्या तर गाळू नका, तशाच वाचा. गाळल्या की मुलं फक्त त्याच शोधतात. २०१२चा चित्रपट शेवटच्या बैठकीनंतर दाखवा. आधी दाखवलात तर शिरोडकरला एकच चेहरा मिळतो, आणि प्रत्येकाने मनात केलेली शिरोडकर पुसली जाते.

शिरोडकर गाव सोडून जाते, हे आधी फोडू नका. सहाव्या रविवारी शेवटची वीस पानं मोठ्याने न वाचता प्रत्येकाने मनात वाचायची. वाचून झाल्यावर दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मग पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडा आणि पहिली पाच पानं वाचा. वाक्यं तीच, पण आता मुलांना ऐकू येतं की मुकुंदला तेव्हा किती गोष्टी अजून ठाऊक नव्हत्या. समासात नव्या खुणा याच पाच पानांत सर्वांत जास्त होतात.

खुणांबद्दल बोलून झालं की वह्या मुलांकडेच राहू द्या. तपासायला मागू नका.